दिवाळ्याच्या फोनवर उत्तर आधी आलं

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. भूत, हडळ, मुंजा, चकवा, यातल्या एकावरही माझा विश्वास नाही. म्हणजे नव्हता. म्हणजे आजही नाही, फक्त हल्ली मी हे जरा हळू आवाजात म्हणतो...

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या पुढं. भावकीत प्रत्येक घरात एकाला तरी काहीतरी दिसलेलं आहे. चुलत्याला विहिरीवर बाई दिसली, आत्याच्या दिराला बांधावर बिनडोक्याचा घोडा दिसला. मला आजवर फक्त लाइटबिल दिसलं. गावातल्या बदनाम पिंपळाखाली मी पैजेवर झोपलोय. मुंग्या चावल्या, त्यापलीकडं कोणी विचारपूस केली नाही.

दुसरी गोष्टही आधीच कबूल करतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये माझा मेव्हणा येऊन सांगेलच. मला थोडं वाढवून सांगायची सवय आहे. घणसोलीत गुडघाभर पाणी साचलं की मी होडी चालली म्हणून सांगतो. बायको पाहुण्यांना बजावते, "ह्यांनी दहा सांगितले की चार धरायचे." मान्य! पण खालचं सगळं दहाचे दहा धरा. ह्यात वाढवायला जागाच नाही हो, उलट मी घाबरून थोडं कमीच लिहितोय.

तर मी जाधव. राहायला कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला चिकटून. धंदा इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचा. वाशीपासून बेलापूरपर्यंत कुठल्याही ऑफिसात फोन वाजला तर तो मला विचारून वाजतो. (इथं चार धरलेत तरी चालेल.) लॉकडाऊनपासून माणसं घरी बसून काम करायला लागली आणि माझी चांदी झाली, कारण ऑफिसचा फोन घरी नेला की हमखास रुसतो.

का रुसतो ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढं काय भयंकर झालं ते कळायचंच नाही. घाबरू नका, माझ्या सासऱ्यांना समजलंय, तुम्हाला तर समजेलच.

इंटरनेटच्या फोनवर तुम्ही बोलता त्याचे बारीक तुकडे होतात आणि एकेक तुकडा पलीकडं पळतो. पलीकडच्याचे तुकडे तुमच्याकडं पळत येतात. आता प्रत्येक ऑफिसच्या आणि घराच्या दारात फायरवॉल बसलेली असते. फायरवॉल म्हणजे काय, तर सोसायटीचा वॉचमन! आमचा वॉचमन बाहेर जाणाऱ्याला हूं की चूं करत नाही. आत येणाऱ्याला मात्र, कोणाकडं? कोणी बोलावलंय? फ्लॅटवाल्यानं आधीच खाली सांगून ठेवलं असेल की माझं पार्सल येतंय, तरच पार्सलवाल्याला सोडणार. त्यात हा महाविसराळू. थोड्या वेळानं पुन्हा आठवण केली नाही की पार्सल माघारी. म्हणून आपला फोन बिचारा दर काही सेकंदांनी ह्या वॉचमनला डिवचत असतो — मी आहे हं, माझं यायचंय हं.

थोडक्यात नियम एकच. आतून प्रश्न बाहेर गेला असेल, तरच बाहेरचं उत्तर आत येणार. प्रश्न नाही तर उत्तर नाही. ह्या एका नियमावर माझ्या घरची चूल पेटते.

आता मूळ गोष्ट.

एपीएमसी मार्केटात फळं परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, नाव सांगत नाही. तिथले फोन मीच बसवलेत. मालकाला सगळे शेठ म्हणतात. माणूस वाईट नाही, फक्त तोंड सुटलं की हापूसच्या पेटीलाही लाज वाटावी असं बोलतो. कंपनीच्या ऑर्डरीचे फोन घेतात कल्पनाताई कोळी. ह्या बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या. घरूनच काम करतात, कारण घरात सासू आहे आणि सासूचं हृदय कमजोर. एकटं सोडायची सोय नाही. कल्पनाताईंचे यजमान वारलेत, मागं दुसरं कोणी नाही. तेव्हा त्या पगारावर दोन बायकांचं घर चाललेलं.

आणि कल्पनाताईंचा फोन बिघडला.

बिघडला म्हणजे बंद नाही पडला. बंद पडला असता तर बरं. बेल वाजायची, ताई उचलायच्या, ताईंचं बोलणं गिऱ्हाइकाला लख्ख ऐकू जायचं. पण गिऱ्हाइकाचा शब्द ताईंच्या कानात यायचा नाही. गिऱ्हाईक तिकडं दुबईवरून डाळिंबाचा हिशेब सांगतंय आणि ताई इकडं "हॅलो... हॅलो... बोला ना" करतायत. दोन दिवस हे चाललं. शेठनं मला बोलावून घेतलं.

"जाधव, शनिवारपर्यंत फोन झाला तर ठीक. नायतर त्या बाईला सांग, सोमवारपासून मार्केटात येऊन बसायचं. जमत नसेल तर मी दुसरी बघतो."

"शेठ, त्यांची सासू..."

"अरे सासू सगळ्यांनाच असते!"

आता असा एकतर्फी आवाज हा आमच्या धंद्यातला सर्दी-खोकला आहे. बेल आणि आवाज वेगवेगळ्या वाटेनं येतात. बेलवाल्याला वॉचमन ओळखतो, सोडतो. आवाजवाला मागून दुसऱ्या गेटवर येतो, त्याला कोणी ओळखत नाही, तो उभाच. किंवा घरातला फोन आपला पत्ताच असा देतो की "आतली खोली, कपाटाशेजारी". आता कपाटाशेजारी म्हणजे जगात कुठं हे पलीकडच्याला काय डोंबल कळणार! दोन सेटिंगा बदलल्या की काम फत्ते. मी ताईंना फोनवरच सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम. डोळे झाकून करतो."

शुक्रवारी दुपारी दिवाळ्याला पोहोचलो. ऊन असं की बांबूवर वाळत घातलेले बोंबीलही सावली शोधत असावेत. ताईंचं घर जेट्टीच्या अलीकडच्या गल्लीत, निळ्या दाराचं. तिथं दुसरं-तिसरं दार निळंच असतं म्हणा, होडीचा उरलेला रंग दाराला लागतो. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर कंपनीचा फोन आणि राउटर. आतल्या खोलीत, सरळ समोर दिसेल अशी, सासूबाईंची खाट. मधल्या दाराला पडदा नाही. सासूबाई खाटेवर उशा रचून बसलेल्या. अंगात काही नाही, पण जीभ ताज्या मच्छीसारखी फडफडती.

"कल्पना, यो कोन आलाय?"

"आये, फोनवाले जाधवदादा हायत. फोन नीट करायला आलेत."

"यवरा मोठा मानूस, यवऱ्याशा फोनला?" म्हातारीनं मला पोटापासून वर न्याहाळलं. "दारातून कसा घुसला रं?"

"आडवा होऊन आलो, आजी."

म्हातारी खुदकन हसली. लगेच खोकली. तो खोकला मला आवडला नाही, पण ताई म्हणाल्या, हल्ली असाच असतो.

मी लॅपटॉप उघडला. माझ्या मोबाइलच्या नेटवरून ऑफिसच्या फायरवॉलमध्ये घुसलो. आत कोण येतंय, बाहेर कोण जातंय, सगळं स्क्रीनवर दिसतं मला. मग शेठना म्हटलं, टेस्ट कॉल लावा. बेल वाजली. उचलला. सामसूम. दोन मिनिटांनी शेठचा माझ्या मोबाइलवर फोन.

"ऐकू आलं का काय?"

"नाय शेठ, एक अक्षर नाय."

"बरं झालं. शिव्या घालत होतो तुला."

सेटिंग बदललं. "शेठ, आता मी सांगेन तेव्हा पुन्हा लावा." ताई दारात उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "दादा, व्हईल ना? आमी ह्यांना सोडून मार्केटात नाय जाऊ शकत हो."

"ताई, हा फोन असा चालेल की दुबईवाल्याचा श्वास मोजाल तुम्ही!"

असं म्हणून मी सहज रिसीव्हर उचलून कानाला लावला. बेल वाजलेली नाही. नंबर दाबलेला नाही. नुसता उचलला. आणि...

आवाज आला.

लख्ख! खणखणीत! शेजारी बसून बोलावं तसा पुरुषाचा आवाज —

"हो दादा, समजलं, समजलं. दिवाळे, जेट्टीच्या अलीकडची गल्ली, निळा दरवाजा. गाडी काढली आम्ही. आजीला बसवूनच ठेवा, आडवं करू नका हां, अजिबात नाय. आणि दादा, तुम्ही आधी रडायचं थांबवा बघू."

कट.

आता माझा गाढवपणा बघा. माझ्या डोक्यात काय आलं? आवाज आला! फोन झाला! मी खुर्चीतून उठून असा ओरडलो की बाहेरची कावळ्यांची सभा उधळली. "ताई! झालं! म्हटलं नव्हतं?" ताईंनी हात जोडले. म्हातारी आतून म्हणाली, "वरडतंय कला?" म्हणजे, ओरडतोय कशाला.

मी शेठना मोबाइल लावला. "शेठ, आला आवाज! कोण बोललं तिकडून?"

"कोण बोलणार? मी अजून लावलाच नाय. तूच बोललास ना, सांगेन तेव्हा लावा म्हणून?"

मग मी खुर्चीत बसलो.

कानात आलेले शब्द आत्ता कुठं मेंदूत उतरायला लागले. कोण रडतंय? कोणती गाडी? राँग नंबर म्हणावा, तर बेल वाजलेली नाही. क्रॉस कनेक्शन म्हणावं, तर ते जुन्या तारांच्या फोनला व्हायचं, ह्याला नाही होत. मी स्क्रीनकडं पाहिलं. बाहेरून आवाज आत आल्याची नोंद आहे. आतून बाहेर काही गेल्याची नोंद नाही. काहीच नाही. वॉचमननं न बोलावलेला माणूस सलाम ठोकून आत सोडला होता.

प्रश्न गेलेलाच नाही. उत्तर आलं.

"काय झालं दादा?" ताईंनी विचारलं.

"काय नाय, काय नाय, क्रॉस कनेक्शन." स्वतःच्या धंद्याशी एवढं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

खरं सांगू का, भुताबिताचा विचार शिवलाही नाही मला. मला वाटलं, कोणीतरी फायरवॉलला भोक पाडलंय, कंपनीच्या फोनवर कोणीतरी चोरून घुसलंय. शेठला कळलं तर माझीच डाळिंबं सोलेल. म्हणून पहिलं काम काय केलं, तर ताईंच्या फोनची वायर उपटली आणि सरळ खिशात घातली. फोन आता नुसता प्लॅस्टिकचा डबा. मग लॅपटॉपवर डोकं घालून भोक शोधत बसलो. अर्धा तास. भोक नाही. सगळं बंद, सगळं चोख, माझ्याच हातानं कुलूप लावलेलं.

आणि आत म्हातारीला धाप लागली.

खोकला सुरू झाला तो थांबेना. मी मान वर केली तर म्हातारीचे ओठ निळसर आणि छातीत असा आवाज, पाण्यात हवा सोडल्यासारखा, बुडबुड... ताई धावल्या. "आये! आये, आडव्या व्हा, जरा आडव्या व्हा!" त्यांनी उशा काढल्या, खांदे धरून म्हातारीला निजवायला लागल्या. आपण सगळे तेच करतो ना? माणूस कासावीस झालं की आधी आडवं करायचं, पाणी पाजायचं. मीही तेच केलं असतं. शंभर टक्के.

पण माझ्या तोंडून किंचाळी निघाली, "आडवं करू नका! अजिबात नाय!"

हे मी बोललो आणि माझ्याच अंगावर काटा आला. कारण ते शब्द माझे नव्हते. अर्ध्या तासापूर्वी कानात ओतलेले होते.

मी खाटेवर चढलो, म्हातारीच्या मागं बसलो, तिची पाठ माझ्या छातीला टेकवली आणि तिला सरळ बसवून धरलं. माझ्या पोटाचा आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला. "ताई, मोबाइल घ्या, ॲम्ब्युलन्स बोलवा!" ताईंच्या मोबाइलला आत रेंज लागेना म्हणून त्या तो घेऊन गल्लीत पळाल्या. घरात आम्ही दोघंच. माझ्या कुशीत म्हातारीची छाती बुडबुडतेय, तिची नखं माझ्या मनगटात रुतलेली, आणि ती समोर बाहेरच्या खोलीकडं बघतेय. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान. ती मान त्या दिशेला खिळलेली.

आणि ताई लगेच परत! एवढ्यात कशा? मला वाटलं मोबाइल बंद पडला. तर त्यांच्या मागं दोन माणसं, हातात ऑक्सिजनचा सिलिंडर, स्ट्रेचर.

"दादा," ताईंनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "दादा, मी अजून नंबर लावलाच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभीच व्हती."

माझं काय झालं विचारू नका. तोंड उघडं, आवाज नाही. मेव्हण्याला सांगतो, लिहून ठेव, असं पहिल्यांदाच झालं.

त्या माणसांनी म्हातारीला मास्क लावला, बसल्या बसल्याच उचललं. पुढचा ड्रायव्हर होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "चांगलं केलंत, बसवून ठेवलंत. आणि रडणं पण थांबवलंत."

तोच आवाज! खणखणीत! मी त्याचा हातच धरला. "कोणी बोलावलं तुम्हाला?"

"तुम्हीच की! आवाज ओळखतो ना मी. अर्धा तास झाला, सानपाड्याला ट्रॅफिकमधी अडकलो म्हणून उशीर." त्यानं मोबाइल काढून दाखवला. नंबर कंपनीचा. वेळ तीच, मी रिसीव्हर उचलला होता तेव्हाची. त्या वेळी म्हातारी आत बसून मला "वरडतंय कला" विचारत होती. धडधाकट! आणि गाडी ज्या हॉस्पिटलची होती त्याचा नंबर, देवाशपथ सांगतो, मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसात पाणी भरलं होतं. आडवं केलं असतं तर आणखी गुदमरल्या असत्या, आणि गाडी उशिरा आली असती तर काही खरं नव्हतं. "वेळेवर फोन केलात." ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटातल्या ऑफिसात गेलो. कंपनीचे सगळे फोन रेकॉर्ड होतात, ती मशीन मीच बसवलीय. फायरवॉलनं बाहेर काही गेलं नाही म्हणून सांगितलं होतं. पण मशीनमध्ये कॉल होता. ताईंच्या फोनवरून, बाहेर जाणारा, मी रिसीव्हर उचलल्याच्या वेळेचा. शेठ माझ्या खांद्याशी उभे. मी बटण दाबलं.

"हॅलो... हॅलो... दिवाळ्याला या. जेट्टीच्या अलीकडची गल्ली, निळा दरवाजा. म्हातारीला श्वास घेता येत नाही. लवकर या. लवकर या हो..."

माझा आवाज. रडणारा. मी शेवटचा कधी रडलो ते माझ्या आईलाही आठवायचं नाही, पण आवाज माझा. आणि त्या रडण्याच्या मागं, लांबून, खोकला... बुडबुड... आणि कल्पनाताई, "आये! आये!"

मग ड्रायव्हरचं बोलणं. जे मी ऐकलं होतं ते, शब्द न् शब्द. मला त्या दुपारी कानात आलं ते ह्याच कॉलचं दुसरं अर्धं होतं. पहिलं अर्धं तेव्हा घडलेलंच नव्हतं. आणि घडलं तेव्हा फोनची वायर माझ्या खिशात होती.

शेठ खुर्ची शोधत शोधत बसले. हळूच म्हणाले, "जाधव, त्या बाईला घरूनच काम करू दे. कायम. फोन चालो, नाय चालो." मग आणखी हळू, "मशीनवर लिंबू-मिरची बांधू का रे?"

मी घड्याळं तपासली. मशीनचं बरोबर, फायरवॉलचं बरोबर, ड्रायव्हरच्या मोबाइलचं बरोबर. कोणी माझ्या आवाजाची नक्कल केली म्हणावं, तर अर्धा तास आधी त्याला काय स्वप्न पडलं? माझ्या धंद्यातल्या सगळ्या शहाण्यांना विचारलं. एकानं सांगितलं, पाकिटं, म्हणजे ते आवाजाचे तुकडे, कधी कधी मागंपुढं पोहोचतात. अरे बाबा, पोहोचतात, पण निघायच्या आधी नाही पोहोचत!

बायकोला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिनं दोनदा ऐकलं. म्हणाली, "आवाज तुमचाच. पण हे तुम्ही नव्हे. तुम्ही असता तर म्हातारी फोनवरच तीनदा मेली असती. हा माणूस एक शब्द वाढवून बोललेला नाही." आणि मग तिनं देवापुढं दिवा लावला. संध्याकाळ व्हायची होती अजून.

आठवड्यानं सासूबाई घरी आल्या. मी भेटायला गेलो. वायर परत लावल्यापासून फोन ठणठणीत चालतोय. ताई दुबईवाल्याशी जोरजोरात भांडत होत्या, ऐकून बरं वाटलं. मी आत खाटेशी बसलो. म्हातारी सुकली होती, जीभ मात्र तशीच.

"आलास? बस. दमानं, खाट मोरू नको."

मग माझं मनगट धरून बघितलं. तिच्या नखांचे वण अजून होते. त्यावर अंगठा फिरवला. मग हळूच, सुनेला ऐकू जाऊ नये असं, म्हणाली,

"पोरा, येक इचारू?"

"विचारा ना आजी."

"त्या दिशी तू तिकरं टेबलाशी हुबा व्हतास. फोन कानाला लावून. पोरासारका रडत व्हतास. मी हितून बगत व्हते."

मी मनगट मागं घेतलं.

"मंग मागशी मला धरून कोन बसला व्हता?"

"मी... मीच होतो, आजी. हे बघा ना, तुमचीच नखं."

म्हातारीनं वणाकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं. मग दारातून बाहेर, टेबलाकडं.

"मंग तिकरं कोन व्हता रं?"

इतकी वर्षं लोकांच्या फोनची उत्तरं शोधतोय मी. ह्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी कोणी फायरवॉलवाला, देवऋषी, विज्ञानाचा मास्तर, कोणीही असलात आणि काही सुचलं तर लिहा, मी वाचीन. फक्त क्रॉस कनेक्शन म्हणू नका, ते माझं मी वापरून झालंय.

म्हातारीला माझी दया आली असावी. माझा हात थोपटला आणि बाहेर हाक मारली.

"कल्पना, च्या ठेव गो. दोगांनाबी दे."

ताईंनी चहा आणला. म्हातारीला चहा बंद आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. ट्रेमध्ये दोन कप होते. एक मी उचलला, जीभ भाजेपर्यंत घाईनं प्यालो. दुसरा म्हातारीनं ताईंकरवी टेबलावर, फोनशेजारी ठेवायला लावला.

तो कोणी प्यालं का, हे बघायला मी थांबलो नाही.